जिना बघ, झोपायला दुसरीकडे जा

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज परवा पाहिला. लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, दोन रात्री त्या जुन्या हॉटेलात काढायच्या म्हणतोस, आणि मी तिथे राहून आलोय म्हणून विचारतोस, ‘कसं आहे?’ उत्तर टाइप करायला घेतलं, चारदा खोडलं. फोन केला असता तर मी चिडलो असतो आणि तू हसला असतास. म्हणून सरळ कागद घेतला. निवांत वाच. वहिनींना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. त्यांच्या डोळ्यांसमोर एव्हाना तो गोल जिना आला असणार, आणि ते चित्र मोडायचं पाप मला नको.

जिना मात्र खरंच तसाच आहे. फोटोत दिसतो त्याहून भारी. पायऱ्यांचा संगमरवर मधोमध झिजून वाटीसारखा खोल झालाय, आणि कठड्याचं लाकूड इतक्या हातांनी घासलं गेलंय की हात ठेवला की तो आपोआप खाली सरकतो. दार उघडणाऱ्या माणसाने आमचं आडनाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी न चुकता घेतलं. लॉबीत शिरल्यावर आमची ही कुजबुजत बोलायला लागली, देवळात बोलतात तशी. तिथवर मी खूश होतो. एका रात्रीचं भाडं किती ते मी तिला अजून नीट सांगितलेलं नाही. पत्र वाचून दाखवलंस तर वहिनींकरवी कळेलच.

मग लिफ्टने वर गेलो. जाड गालिचा, भिंतींवर सोनेरी चौकटी. एक वळण, मग दुसरं, मग तीन पायऱ्या खाली. तिसऱ्या वळणानंतर चौकटी संपल्या, गालिचाही पातळ झाला. आमच्या बॅगा घेऊन पुढे चालणारा मुलगा लिफ्टमध्ये हॉटेलचा इतिहास सांगत होता. जसजसं पुढे जावं तसतसा तो गप्प होत गेला. दार उघडून त्याने दिवा लावला आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, “ही खोली शांत आहे.”

शांत असणारच. खिडकी समोरच्या भिंतीकडे उघडत होती. नंतर कळलं की जुन्या काळी श्रीमंत पाहुणे आपले नोकरचाकर घेऊन यायचे आणि त्यांच्यासाठी वर, मागच्या अंगाला छोट्या खोल्या असायच्या. पुढे नोकर यायचे थांबले, खोल्या राहिल्या. दोन खोल्यांमधली भिंत पाडली, कोपऱ्यात बाथरूम कोंबली, दारावर पितळी आकडा लावला, झाली ‘हेरिटेज रूम’. त्यात आम्ही बुकिंग केलं होतं एका वेबसाइटवरून, थोडं स्वस्त पडलं म्हणून. असं बुकिंग असलं की बहुतेक वेळा उरलीसुरली खोलीच वाट्याला येते. थेट हॉटेलकडून घेणारे आणि नेहमीचे पाहुणे यांचं आधी पाहतात.

खोलीत भट्टी पेटल्यासारखं होत होतं. थंडी ओसरायला लागली होती, बाहेर छान हवा, आणि आत आम्ही घामाघूम. भिंतीवर एक देखणी डायल होती. मी ती अठरावर आणली, मग सोळावर. ढिम्म. तासाभराने देखभालीचा माणूस आला, वयस्कर, हातात टॉर्च. डायलकडे त्याने बघितलंही नाही. म्हणाला, ही फक्त पंख्याचा वेग बदलते. इमारतभर पाण्याचे दोनच पाइप फिरतात, एक जाणारा आणि एक परतणारा. त्यातून एका वेळी गरम पाणी जाईल नाहीतर थंड. सध्या गरमचा हंगाम चालू आहे, बदलतील तेव्हा सगळ्या इमारतीचं एकदमच बदलेल. प्रत्येक खोलीला हवं ते मिळायला चार पाइप लागतात, त्यासाठी भिंती फोडाव्या लागतील, आणि संरक्षित इमारतीच्या भिंतीला हात लावायचा तर आधी परवानग्या. हे सगळं त्याने दोन मिनिटांत सांगितलं. त्या हॉटेलात मला खरं उत्तर दिलेला हा एकमेव माणूस.

जाता जाता म्हणाला, खिडकी उघडा. आता ती खिडकी बघ. लाकडी, वर सरकवायची. अशा खिडकीच्या चौकटीत दोन्ही बाजूंना, आतल्या पोकळीत, दोरीला लोखंडी वजनं टांगलेली असतात. ती पल्ल्याचा भार तोलतात, म्हणून खिडकी ढकलू तिथे थांबते. आमच्या खिडकीची एक दोरी तुटलेली होती. वर करायची, हात सोडायचा, धाडकन खाली. टेबलावर हॉटेलच्या गौरवशाली इतिहासाचं एक पुस्तक ठेवलं होतं, पुठ्ठा चांगला जाड. शेवटी ते उभं करून खिडकीखाली लावलं. तेवढ्या फटीतून जी हवा आली तीवर रात्र काढली. ही म्हणाली, “चला, इतिहास कुठेतरी कामाला आला.”

सकाळी शॉवर सोडला तर आधी तांबूस पाणी, मग कोमट, मग बराच वेळ कोमटच. मी घड्याळ लावून मोजलं: सव्वाचार मिनिटं. जुने लोखंडी पाइप आतून गंजतात, आणि खोली गरम पाण्याच्या मुख्य पाइपापासून लांब असेल तर मधल्या पाइपातलं पाणी साचून गार होतं. ते निघून जाईपर्यंत आपण उभे. तेवढ्यात हिने मोबाइलवर वाचलेलं मला ऐकवलं. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात, म्हणजे १९०४ पासूनच्या नावाजलेल्या हॉटेलात, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन होतं. तिथे आलेले लोक न्यूमोनियाने पटापट आजारी पडले, दोन डझनांहून जास्त माणसं गेली. हॉटेल त्याच वर्षी बंद झालं. जंतू सापडला पुढच्या वर्षी, आणि त्याचं नावच ठेवलं लीजनेला. कोमट, साचलेल्या पाण्यात तो वाढतो. हे ऐकवून ही शॉवरपासून दोन हात लांब उभी राहून पाणी वाहू देत होती. मी तशीच अंघोळ केली. हट्टाने.

रिसेप्शनवर सांगितलं. “आम्ही याची नोंद घेतली आहे.” हे वाक्य मी दोन मुक्कामांत मिळून सात वेळा ऐकलं. नोंद घेणारी मुलगी गोड होती, तिचा काही दोष नाही. पण तिच्या हातात कागद नव्हता, पेन नव्हतं आणि समोरचा कॉम्प्युटर बंद होता.

घरी आल्यावर मी चिडून थोडं वाचन केलं, तू मला ओळखतोसच. आणि खरं वाईट तिथे वाटलं. अरे, ही असली हॉटेलं मुळात जुनेपणासाठी प्रसिद्ध झालीच नव्हती. १८२९ साली बॉस्टनमध्ये ट्रेमाँट हाउस उघडलं तेव्हा लोक थक्क झाले ते कशाने, तर प्रत्येक खोलीला स्वतंत्र कुलूप आणि इमारतीच्या आत संडास. लंडनचं सॅव्हॉय १८८९ साली सुरू झालं ते विजेचे दिवे आणि विजेच्या लिफ्ट मिरवत. सेझार रिट्झने १८९८ मध्ये पॅरिसला स्वतःचं हॉटेल काढलं, तिथे खोलीला लागून बाथरूम हीच मोठी चैन. आणि १९०८ साली अमेरिकेतल्या बफेलो शहरात स्टॅटलर नावाच्या हॉटेलवाल्याने साध्या प्रवाशाच्या प्रत्येक खोलीलाही बाथरूम दिली. दोन बाथरूम पाठीला पाठ लावून बांधल्या, पाइप एकाच उभ्या पोकळीतून नेले, खर्च आटोक्यात. म्हणजे आपले आजी-आजोबा अशा ठिकाणी गेले असते तर नळ बघायला गेले असते! नळ सोडला की गरम पाणी, हीच तिथली नवलाई. आज तिथेच मी सव्वाचार मिनिटं उभा, आणि वर ते मला म्हणणार की पाणी उशिरा येतं हा जुन्या वास्तूचा ‘स्वभाव’ आहे. हा शब्द खरंच वापरला होता, मॅनेजरच्या ईमेलमध्ये.

त्याच ईमेलमध्ये पुन्हा येण्याचं आमंत्रण होतं, सवलत आणि चांगली खोली देऊ म्हणून. आणि मी गेलो. हस. कामासाठी त्या शहरात जायचंच होतं, एकटाच होतो, आणि मनात कुठेतरी होतं की पहिल्यांदा आपलं नशीब वाईट होतं. एवढं नाव उगाच होत नाही, वगैरे.

या वेळी खोली पुढच्या बाजूची, ऐसपैस, छताला नक्षी. उन्हाळा होता, म्हणजे पाइपांत थंडचा हंगाम. मागे भट्टी होती, आता बर्फाचा कारखाना. डायल तीच. खाली बरोबर समारंभाचा हॉल, आणि त्या रात्री समारंभ होता. लाकडी तुळयांवरची जमीन म्हणजे ढोलकीचं पान. खालचा ठेका पलंगाच्या पायातून वर येत होता. एक वाजता तो थांबला, तेव्हा शेजारचा माणूस ऐकू यायला लागला. दोन खोल्यांना जोडणारं दार होतं ना मध्ये, त्याच्या खाली बोटभर फट. त्याची मीटिंग नऊ वाजता होती आणि त्याचा बॉस त्याला आवडत नव्हता. मलाही आवडेनासा झाला.

खोली बदलून मागितली तर हॉटेल भरलेलं. मध्यरात्री एक मुलगी जादा पांघरूण घेऊन आली आणि मनापासून माफी मागून गेली. माणसं चांगली आहेत रे, हे मी पुन्हा पुन्हा म्हणेन. बिलात मात्र ‘वारसा जतन शुल्क’ अशी एक ओळ निघाली. विचारलं, कसलं जतन? उत्तर तुला पाठ असेल आता.

मी चौकशी केली तेव्हा कळलं की इमारतीचा मालक एक, हॉटेल चालवणारी कंपनी दुसरी. मोठ्या हॉटेलांत हे सर्रास असतं. न्यूयॉर्कचं वॉल्डॉर्फ अस्टोरिया २०१४-१५ मध्ये चीनच्या एका विमा कंपनीने घेतलं, पण चालवण्याचा शंभर वर्षांचा करार हिल्टनकडे. मालकाला पाइप बदलायचे तर पैसा त्याच्या खिशातून जातो, आणि शिव्या खाणार चालवणारा. चालवणाऱ्याला बदलायचे असतील तर भिंत त्याची नाही. आणि खर्च काही असा तसा नसतो. सॅव्हॉय २००७ च्या अखेरीला बंद केलं, उघडलं २०१० च्या ऑक्टोबरात, आणि खर्च ठरल्यापेक्षा दुपटीच्या वर गेला. वॉल्डॉर्फ तर २०१७ मध्ये बंद झालं आणि २०२५ मध्ये उघडलं. चौदाशेच्या आसपास खोल्या होत्या, राहिल्या ३७५, बाकीच्या जागेत विकायचे फ्लॅट. ज्यांच्याकडे एवढा पैसा किंवा एवढी हिंमत नाही ते लॉबीला पॉलिश करतात. लॉबी फोटोत येते, पाइप येत नाहीत. बडा घर पोकळ वासा म्हणतात ते हेच. वासाही पोकळ नसेल कदाचित, वाशातला पाइप तुंबलाय.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. जायचंच असेल तर वेबसाइटवरून नको, थेट हॉटेलात फोन कर. ‘नूतनीकरण कधी झालं?’ असं मोघम विचारू नकोस, ते लॉबीचं वर्ष सांगतील. ‘मला जी खोली देणार तिची बाथरूम आणि पाइप कधी बदलले?’ असं विचार. तापमान खोलीत ठरतं की इमारतीत, तेही. त्या तारखांना हॉलमध्ये काही आहे का, आणि शेजारच्या खोलीत उघडणारं दार नसलेली खोली मिळेल का. फोनवरचा माणूस अडखळला तर तेही उत्तरच समज. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या रात्री वहिनींना पांघरुणाची वाट बघायला लावू नकोस, एवढंच माझं म्हणणं.

मी असतो तर संध्याकाळी नटूनथटून त्यांच्या लॉबीत दोन तास बसलो असतो, जिन्यावर फोटो काढला असता, दाराशी उभ्या त्या माणसाला भरघोस टीप दिली असती, आणि झोपायला जवळच्या कुठल्यातरी बिनइतिहासाच्या हॉटेलात गेलो असतो.

काय ठरवतोस ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
(नळाखाली उभा असलेला)

ता. क. एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या खेपेला गारठून मी खिडकी उघडायला गेलो, बाहेरची उबदार हवा आत यावी म्हणून. हीसुद्धा धाडकन खाली. सवयीने टेबलाकडे वळलो, तेच इतिहासाचं पुस्तक होतं. उचललं तर त्याच्या वरच्या कडेला आधीच एक खाच पडलेली, आडवी, लाकडाच्या पट्टीएवढी रुंद. ही खोली वेगळी, मजला वेगळा, पुस्तकाची प्रतही वेगळी असणार, म्हणजे खाच माझी नव्हती. खिडकीखाली लावलं. खाच बरोबर बसली.