दादा, तुम्ही मंडळीला गायला लावलंत त्याबद्दल

दादा, सलाम.

हे पत्र घरी पाठवलं असतं तर तुम्ही ते वाचून बायबलच्या कव्हरमधे सरकवलं असतं आणि वर फोन करून 'अगं हे कशाला' म्हणाला असतात, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय. आता चिडलात तरी चालेल. तुम्ही चर्च बदललंत, मग आम्हीही गाव बदललं, चर्चच्या गाण्याची एकत्र सेवा करायचे दिवस संपले आणि आभार मानायचे राहूनच गेले. परवा इथल्या क्वायरमधल्या एका मुलीनं विचारलं, ताई तुम्ही गाणं निवडायच्या आधी पाळकांकडून रविवारचं बायबलमधलं वचन का मागून घेता? तेव्हा लक्षात आलं की ही सवय माझी नाहीच, तुमची आहे. तुम्ही बुधवारीच पाळकांच्या मागे लागायचात, रविवारचा शास्त्रभाग कुठला, संदेश कशावर, आणि ते कळल्याशिवाय एक गाणं ठरवायचं नाही. लोकांना वाटायचं दादांना गाणी आपोआप सुचतात. कसली आपोआप, गुरुवारी रात्रीपर्यंत डोकं धरून बसलेले असायचात.

क्रिएटिव्ह म्हटलं की हल्ली लोकांच्या डोळ्यासमोर लाइट्स, ड्रम, मोठा स्क्रीन येतो. मला त्याचं वावडं नाही, आमच्याकडची पोरं पण छान वाजवतात. पण तुमची कल्पकता सगळी एकाच ठिकाणी खर्च व्हायची, मागच्या बाकावरचा माणूस तोंड उघडेल कसा. ती पट्टीची, म्हणजे गाणं कुठल्या सुरावरून धरायचं त्याची, गोष्ट मी अजून सगळ्यांना सांगते. बायकांना पेटीची काळी चार सोयीची, पुरुषांना काळी एक, आणि पुढे उभा असलेल्या गायकाला स्वतःचा गळा जिथे चमकतो ती. तुम्ही म्हणायचात, गायकाची पट्टी नको, मंडळीची, बाकांवर बसलेल्या सगळ्यांची शोधा. मग प्रॅक्टिसला अंताक्षरी चाललीय असं वाटावं इतक्या वेळा एकच कडवं वरखाली करून बघायचं, अंतरा तार सप्तकात जास्त चढत असेल तर सरळ खाली आणायचं, आणि सोलो म्हणणाऱ्याचं तोंड पडलं तर पडू द्यायचं. खरं सांगू, त्यात माझंही तोंड बरेचदा पडलंय.

आणि ते आपले काका! आवाज खणखणीत पण सूर म्हणून लागायचा नाही, बाकीचे हळूच त्यांच्यापासून लांब उभे राहायचे. दुसऱ्या कुणी त्यांना प्रेमानं 'तुम्ही खुर्च्या लावा' म्हटलं असतं. तुम्ही त्यांना ओळ सांगायचं काम दिलंत. म्हाताऱ्या बायका चष्मा विसरून येतात, काहींना वाचता येत नाही, स्क्रीनवरचं तर दिसतच नाही, म्हणून आधी काकांनी ओळ नुसती बोलायची आणि मग सगळ्यांनी ती म्हणायची. दोन-तीन रविवारांत त्या बायकांच्या बाजूनं असा आवाज यायला लागला की तबलेवाला मान वळवून बघायचा.

टिळकांच्या गाण्यांबद्दल तर तुमचे उपकारच आहेत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची कितीतरी गीतं 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकात आहेत, लहानपणापासून म्हणतोय, पण आमच्या हातातल्या पुस्तकात नुसते शब्द, चाल काय ती माणसांच्या गळ्यात. म्हातारी माणसं गेली की चालही गेली. तुम्ही मोबाइल घेऊन घरोघर हिंडायचात, कुणाची आजी नगरकडची, कुणाचे सासरे जालन्याकडचे, चहा पीत पीत त्यांना म्हणायला लावायचात आणि रेकॉर्ड करायचात. एकाच गाण्याच्या दोन चाली निघाल्या की तुम्हाला लॉटरी लागल्यासारखा आनंद. मग ढोलकीवर भजनी ठेका, सोबत टाळ, आणि तेच गाणं जे आम्ही मयतीला म्हटल्यासारखं रडत म्हणायचो ते अंगात यायचं.

ढोलकीवरून जे रामायण झालं ते पण आठवतं. चर्चमधे हे तमाशासारखं काय चाललंय, असं कमिटीच्या मीटिंगमधे बोललं गेलं, कोण बोललं ते सोडा. मला वाटलं आता तुम्ही उठणार. तुम्ही शांतपणे एवढंच म्हणालात की 19व्या शतकात कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली, टिळकांनी अभंग-ओव्या लिहिल्या, तेव्हा ढोलकी टाळ आपल्याकडे नवे आलेले नाहीत, ऑर्गनच नंतर परदेशातून आलाय, आणि तोही मला आवडतो. मग विषय बदलून नाताळच्या कॅरल फेरीसाठीच्या टेम्पो गाडीचं विचारलंत. मी तुमच्या जागी असते तर भांडले असते.

पण सगळ्यात मोठी गोष्ट नाताळची. तुम्ही फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, बायबलच्या कथेवरचं ओव्यांमधलं काव्य, आणलंत आणि म्हणालात यातला जन्माचा भाग गाऊया. 1616 मधे गोव्यात छापलेलं, जुनी मराठी, तरुण संघाची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. तुम्ही ओव्या फळ्यावर लिहिल्यात, अर्थ सांगितलात, पण चाल काही बसेना, पेटीवर जे काही वाजवाल ते नाटकातल्या पदासारखं वाटायचं. तेव्हा महिला मंडळातल्या एक मावशी, ज्या आजवर प्रार्थनेशिवाय कधी बोलल्या नव्हत्या, हळूच म्हणाल्या, ओवीच आहे ना, मग जात्यावरची म्हणा की. आणि त्यांनी म्हणून दाखवली. तुम्ही पेटीचा भाता बंद केलात, क्लिप लावलीत आणि खाली सतरंजीवर त्यांच्यासमोर जाऊन बसलात. 'मावशी, आता तुम्ही शिकवा.' पुढचे सगळे सराव मावशींनी घेतले, हाताने दळल्यासारखं करत, आणि एखादी पोरगी घाई करायला लागली की 'अगं पीठ जाडं येईल' म्हणून ओरडायच्या. नाताळच्या उपासनेत वाद्यं नव्हती, फक्त बायकांचे आवाज. प्रोग्रॅमच्या कागदावर संगीत म्हणून तुम्ही मावशींचं नाव छापलंत, स्वतःचं नाही, आणि त्या तो कागद वर्षभर पर्समधे घेऊन फिरल्या.

शुभ शुक्रवारचंही सांगायलाच हवं. बारा ते तीन, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलणार, प्रत्येक जण आपला वेळ ओलांडणार, आणि मधे मधे लांबलचक गाणी. तुम्ही गाण्यांची एकेक दोनदोनच कडवी ठेवलीत आणि मोबाइलवरचा तानपुरा बारापासून बारीक आवाजात चालू ठेवलात, इतका बारीक की थोड्या वेळानं तो आहे हेच विसरायला होतं. सहाव्या उद्गाराला 'पूर्ण झाले आहे' वाचून झालं आणि तुम्ही तो बंद केलात. काही सांगितलं नव्हतं कुणाला. माझ्या शेजारचं लहान पोर आईला म्हणालं, काय झालं? त्या पोराला उद्गारांवरच्या सगळ्या भाषणांतून जे कळलं नसतं ते त्या एका बटणानं कळलं, असं मला अजून वाटतं, आणि मी स्वतः भाषण करणाऱ्यांपैकी होते बरं का.

इथे मी आता थोडंफार क्वायरचं बघते. पट्टी शोधते, ओळ सांगायला माणूस ठेवलाय, म्हाताऱ्यांच्या चाली रेकॉर्ड करते. लोक माझं कौतुक करतात तेव्हा तुमचं नाव सांगते, सांगितलं नाही तर झोप येणार नाही.

तर मनापासून थँक्यू दादा, आणि वहिनींनाही, तुमच्या प्रॅक्टिसमुळे त्यांचं शनिवारचं जेवण कायम गार झालं. ईस्टरची पहाटफेरी आमच्याकडे पाचला निघते, तुम्ही दोघं शनिवारीच या, राहायला आमच्याकडेच. इथल्या पेटीची काळी दोन अडकते आणि दुरुस्त करणारा काही मिळत नाहीये, तेव्हा येताना तुमची घेऊन या.