अर्थमंत्र्यांना खुले पत्र: आमची जीएसटी नोंदणी मागच्या तारखेपासून रद्द करू नका

माननीय निर्मला सीतारामनजी,

आपण राज्यसभेत कर्नाटकातून निवडून गेला आहात, शिवाय अर्थ आणि कंपनी व्यवहार ही दोन्ही खाती आपल्याकडेच. म्हणून हे पत्र बेंगळुरूऐवजी थेट आपल्याला.

बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीनशॉपची दाटी आहे. एकाचं कास्टिंग दुसरा टर्निंगला घेतो, तिसरा ड्रिलिंग करतो, माल कोल्हापूर-पुण्याला जातो. यातल्या एखाद्याची सलग दोन महिन्यांची रिटर्न्स राहिली की ई-वे बिल (माल नेण्यासाठी लागणारा ऑनलाइन कागद) अडतं आणि गाडी राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीपलीकडे जात नाही. सहा महिने राहिली तर नोंदणीच रद्द होऊ शकते. इथवर तक्रार नाही. रिटर्न भरायलाच हवं.

पण नोटीस येते पोर्टलवर आणि ईमेलवर, उत्तराला कामाचे सात दिवस. नोंदणीला लावलेला मोबाइल आणि ईमेल बहुतेकदा कर सल्लागाराचा. लेथवरच्या माणसाला कळतं ते गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर: "तुमचा नंबर कॅन्सल दाखवतोय, पेमेंट थांबवलंय."

त्यात कलम २९ प्रमाणे नोंदणी मागच्या तारखेपासूनही रद्द करता येते. मग मधल्या काळातल्या बिलांवर ज्याने आम्हाला कर मोजला, त्या गिऱ्हाइकाचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) धोक्यात येतं आणि त्याच्याकडे व्याजासकट वसुलीची नोटीस जाते. तो पुन्हा आमच्या दारात कशाला येईल? नोंदणी परत मिळवण्याची मुदत २०२३ मध्ये ३० दिवसांवरून ९० केलीत, बरं झालं. पण त्यासाठी आधी सगळी थकलेली रिटर्न्स, कर, १८ टक्के व्याज आणि विलंब शुल्क भरायचं. पेमेंट अडकलेलं असताना ते आणायचं कुठून?

प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांचं तर विचारूच नका. कंपनी खात्याकडे भरायचं वार्षिक विवरणपत्र थकलं की फॉर्ममागे रोज १०० रुपये. सलग तीन वर्षं राहिलं तर संचालक पाच वर्षं अपात्र.

नोंदणी रद्द करण्याआधी एक कागदी नोटीस पोस्टाने कारखान्याच्या पत्त्यावर येऊ द्या. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांवर असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे देशाने केव्हाच मान्य केलेलं तत्त्व आहे. तेव्हा खानापूर, निपाणी, बेळगावात ती कन्नडबरोबर मराठीतही असावी. आणि मागच्या तारखेपासून नोंदणी रद्द करायची ती फक्त बोगस बिलं सिद्ध झालेल्यांची. अशांच्या पत्त्यावर ना लेथ असतो, ना विजेचं बिल. अधिकाऱ्याने एक चक्कर मारली तरी फरक कळेल.

आपला,
उद्यमबागेतला एक जॉबवर्कवाला, बेळगाव