सर्टिफिकेशनचे पैसे भरण्याआधी

माननीय संपादक,

बारावीचा आणि डिप्लोमाचा निकाल लागला की म्हापसा, फोंडा, मडगाव, जिथे बघावं तिथे क्लासवाल्यांचे बॅनर, 'सहा महिन्यांत आयटी सर्टिफिकेशन, नोकरीची हमी'. मी वेर्ण्याला एका कंपनीत नेटवर्क सांभाळतो आणि नवीन मुलं घेताना इंटरव्ह्यूला बसतो, म्हणून वाड्यावरचे लोक विचारत असतात, चेड्याला सीसीएनए (नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोचं सर्टिफिकेट) करायला लावू की एडब्ल्यूएस (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचं, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरचं)? सगळ्यांना एकदमच सांगतो.

आधी पैशांचं. सीसीएनएची नुसती परीक्षा 300 डॉलरची, म्हणजे पंचवीस हजारांच्या वर गेलीच, क्लासची फी वेगळी, तेव्हा पॅकेजमध्ये परीक्षा धरलीय का हे विचारल्याशिवाय पावती करू नका. बरं एकदा पास झालं की जन्मभराचं असंही नाही. सीसीएनए तीन वर्षं चालतं, रेड हॅट कंपनीचं लिनक्सवालं (लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) आरएचसीएसए तीन वर्षं, मायक्रोसॉफ्टचं असोसिएट लेव्हलचं तर एकच वर्ष (ते ऑनलाइन फुकटात रिन्यू होतं म्हणा). आणि एकेकाळी ज्या एमसीएसई सर्टिफिकेटसाठी लोकांनी एवढा खर्च केला ते मायक्रोसॉफ्टने 2021 मध्ये बंदच करून टाकलं.

मग करूच नये का? तसं नाही. फ्रेशरला उपयोग होतो, कारण शंभर सीव्ही चाळताना एचआरला काहीतरी धरायला लागतं. पण आत आल्यावर मी कागद पुढे करतो, सबनेट काढ (नेटवर्कचे छोटे भाग पाड), व्हीलॅन (एकाच स्विचवर केलेली वेगवेगळी नेटवर्कं) कशाला करतात सांग, आणि डम्प, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, पाठ करून आलेला तिथेच गप्प होतो. आरएचसीएसएला मी जास्त भाव देतो, कारण त्यात चार पर्यायांपैकी एक असली भानगडच नसते, लिनक्स मशीन समोर ठेवतात आणि काम करून दाखवायचं. एका क्लासने तर फ्रेशरलाच सीआयएसएसपी, म्हणजे सायबर सुरक्षेतल्या अनुभवी लोकांचं सर्टिफिकेट, विकायला काढलेलं! त्याला पाच वर्षांचा अनुभव लागतो, डिग्री असेल तर एक वर्ष सूट, तेवढा अनुभव नसेल तर परीक्षा पास होऊनपण ते नाव लावता येत नाही.

नोकरीत आहेत त्यांचं वेगळं. सिस्को, मायक्रोसॉफ्टची पार्टनर असलेल्या (म्हणजे त्यांचा माल विकणाऱ्या, बसवून देणाऱ्या) कंपनीला आपली लेव्हल टिकवायला सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात, त्यामुळे अशा बऱ्याच कंपन्या फी स्वतः भरतात, मॅनेजरला विचारल्याशिवाय खिशात हात घालू नका, आणि पगारवाढ मागायची तर अशाच ठिकाणी मागता येते. पण पणजीच्या एखाद्या ऑफिसात प्रिंटर आणि टॅली बघणाऱ्याने क्लाउडचं सर्टिफिकेट आणलं म्हणून तिथला साहेब बढती देणार नाही, त्याला लागतच नाही ते. नोकरी बदलायची असेल तर करा, फक्त मग बहुतेक वेळा पुणे नाहीतर बेंगळुरू गाठावं लागतं, हे घरच्यांनी आधीच धरून चालावं.

कुठलं करायचं ते बॅनर बघून ठरवू नका. जी नोकरी हवीय तिच्या पाच-दहा जाहिराती वाचा, त्यात काय मागतात बघा. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर (कॉम्प्युटरवरच नेटवर्क बनवून बघायचं सॉफ्टवेअर) फुकट मिळतं, मायक्रोसॉफ्ट लर्न ही त्यांची शिकायची वेबसाइटपण फुकट, महिनाभर घरी बसून करून बघा, गोडी लागली तर पैसे भरा. आणि क्लासवाल्यांनो, नोकरीची हमी जेवढ्या मोठ्या अक्षरांत छापता तेवढ्याच अक्षरांत परीक्षेची फी आणि सर्टिफिकेटची मुदतपण छापा की.

आपला,
एक वाचक, फोंडा