डॉक्टर मॅडम, माझ्या लेकाच्या डोळ्यांत पुन्हा पुन्हा टॉर्च मारून बघितलात त्याबद्दल थँक्यू

मॅडम, तुमची पोस्टिंग बदलली आणि भेटायचं राहूनच गेलं, म्हणून इथे लिहितेय, कोणी ओळखीचं वाचून तुमच्यापर्यंत पोचवेल.

तीन महिन्यांचं बाळ आमचं. शी होत नव्हती, पण अंगावर पिणारी बाळं कधी कधी आठवडाभर पण करत नाहीत हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे कोणी घाबरलं नाही. मग त्याला दूध ओढता येईना, तोंडात धरायचा आणि ओठांच्या कडेने सगळं ओघळायचं, मान सावरायला लागला होता ती परत लुळी पडली, आणि ताप मात्र अजिबात नाही. रात्री भांडुपहून टॅक्सी करून कॅज्युअल्टीला आलो तेव्हा सासूबाई एकच सांगत होत्या, ह्याचं रडणं बदललंय हो, आवाजच फुटत नाही.

तुम्ही त्यांना बाजूला नाही केलंत. आधी काय झालं, शी थांबली की रडणं बदललं, हे त्यांनाच नीट विचारलंत. मग टॉर्च. एकदा मारून झालं असं नाही, मारतच राहिलात, आणि मला पण दाखवलंत की बुबुळ सुरुवातीला पटकन बारीक होतंय आणि नंतर दमल्यासारखं हळू हळू होतंय. हा झोपेत नाहीये, ह्याला सगळं कळतंय, पापणी उचलायची ताकद नाहीये फक्त, असं म्हणालात. ते वाक्य मी कधीच विसरणार नाही.

बॉटुलिझम हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात हे जंतू रुजतात, तिथेच विष तयार करतात आणि नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडतो, म्हणून अशक्तपणा डोळ्या-तोंडापासून खाली उतरत जातो, हे तुम्ही केसपेपरच्या मागे चित्र काढून समजावलंत. 1976 साली हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला हे पण तुम्हीच सांगितलंत. सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेलं इन्फेक्शन वाटून जेंटामायसिन हे अँटिबायोटिक लिहिलं होतं ते तुम्ही सिनियरना फोन करून थांबवलंत, कारण त्याने स्नायू अजून ढिले पडून श्वास अडकू शकतो. शीचं सॅम्पल तर मिळतच नव्हतं, शेवटी एनिमा देऊन घेतलंत, पण रिपोर्टची वाट न बघता त्याला पीआयसीयूत, म्हणजे लहान मुलांच्या आयसीयूत हलवलंत आणि त्याच रात्री त्याला व्हेंटिलेटर लागला. घरी असतो तर काय झालं असतं हा विचार पण करवत नाही. रिपोर्ट नंतर आला, तुमचंच खरं निघालं.

अजून एक. मध चाटवलात का, हे विचारलंत तेव्हा सासूबाई रडायलाच लागल्या, दिला नव्हता पण आता आपल्यावरच येणार असं वाटलं त्यांना. तुम्ही त्यांचा हात धरून म्हणालात, आजी, मध एक कारण आहे म्हणून विचारावंच लागतं, पण हे जंतू माती-धुळीत पण असतात आणि बऱ्याच बाळांत कुठून आले ते कळतच नाही. त्यानंतर आमच्या घरात कोणी कोणाला बोल लावला नाही.

नसांची टोकं नवीन फुटायला आठवडे लागतात म्हणाला होतात, तसेच लागले, नळीने माझंच दूध देत होतो. आता तो चांगला रडतो मॅडम, बिल्डिंगभर ऐकू जातं, आणि सासूबाई शेजारच्या प्रत्येक बाळंतिणीला वर्षाच्या आत मध नाही म्हणून सांगून येतात, वर शी, चोखणं, रडणं आणि पापण्या चारही बघायला लावतात.