सरचिटणीस आमसभेने खरोखरच निवडावा

संपादक महोदय,

संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँटोनियो गुटेरेस यांची दुसरी मुदत 31 डिसेंबर 2026 रोजी संपत असल्याने त्यांच्या जागी कोण यावे, याची चर्चा वर्तमानपत्रांतून होत असते. तीत इच्छुकांची नावे असतात, आता कोणत्या खंडाची पाळी याचे आडाखे असतात आणि आजवरच्या नऊ सरचिटणिसांत एकही स्त्री नाही, याबद्दलची अगदी रास्त खंतही असते. मात्र ही निवड ज्या पद्धतीने होते ती पद्धत मुळात कुठे लिहून ठेवली आहे आणि ती बदलणे कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न मागेच राहतो. त्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या 97 व्या कलमात या नेमणुकीविषयी एकच वाक्य आहे. सुरक्षा परिषदेच्या शिफारशीवरून आमसभा सरचिटणिसाची नेमणूक करील, एवढेच ते वाक्य सांगते. परिषदेने किती नावे पाठवावीत, मुदत किती वर्षांची असावी, तीच व्यक्ती पुन्हा नेमता यावी की नाही, यांपैकी कशाचाही सनदेत उल्लेख नाही. हे सारे आले ते आमसभेने लंडन येथील आपल्या पहिल्याच अधिवेशनात, 24 जानेवारी 1946 रोजी संमत केलेल्या एका ठरावातून. परिषदेने एकच नाव पाठवणे इष्ट ठरेल, त्या नावावर आमसभेत वादविवाद टाळावा, पहिल्या सरचिटणिसाची मुदत 5 वर्षांची असावी आणि ती संपल्यावर आणखी 5 वर्षांसाठी नेमणूक करता यावी, असे त्या ठरावात म्हटले होते. त्याच ठरावात असेही नमूद आहे की, सनदेत याबाबत काही तरतूद नसल्याने पुढील सरचिटणिसांची मुदत अनुभवानुसार बदलण्यास आमसभा आणि परिषद मोकळ्या आहेत. हा अनुभव आता 80 वर्षांचा झाला आहे.

त्या अनुभवाचे स्वरूप पाहायचे तर 2016 ची निवड डोळ्यांसमोर आणावी. परिषदेचे 15 सदस्य बंद दाराआड अनौपचारिक कौल घेतात. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे ‘प्रोत्साहन’, ‘परावृत्त’ आणि ‘मत नाही’ असे तीन पर्याय असतात, आणि सुरुवातीच्या फेऱ्या उरकल्या की अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स या पाच कायम सदस्यांना, ज्यांच्यापैकी एकाचाही नकार शिफारस रोखू शकतो, वेगळ्या रंगाच्या मतपत्रिका दिल्या जातात, जेणेकरून नकार आला तर तो नकाराधिकार असलेल्या राष्ट्राचा आहे की अन्य कुणाचा, हे लगेच कळावे. 5 ऑक्टोबर 2016 रोजी सहाव्या फेरीत गुटेरेस यांना 13 मते अनुकूल पडली, विरोधात एकही नव्हते आणि दोन सदस्यांनी मत दिले नाही. त्या महिन्याचे अध्यक्ष, रशियाचे राजदूत विताली चुरकिन, इतर 14 राजदूतांना सोबत घेऊन बाहेर पत्रकारांपुढे आले आणि त्यांनी नाव जाहीर केले. दुसऱ्या दिवशी परिषदेने तशी औपचारिक शिफारस केली आणि 13 ऑक्टोबरला 193 राष्ट्रांच्या आमसभेने मतदान न घेताच ती मान्य केली. गुटेरेस यांच्या योग्यतेविषयी माझा आक्षेप नाही. आक्षेप एवढाच आहे की, ज्या सभेला सनदेने नेमणुकीचा अधिकार दिला त्या सभेपुढे निवडण्यासारखे काही ठेवलेच गेले नाही.

त्याआधी 10 वर्षे, ऑक्टोबर 2006 मध्ये, भारताचे उमेदवार शशी थरूर यांना शेवटच्या कौलात 10 मते अनुकूल आणि 3 प्रतिकूल पडली होती. त्या तिनांतले एक कायम सदस्याचे होते. पुढे सरचिटणीस झालेले दक्षिण कोरियाचे बान की-मून यांना 14 अनुकूल मते असल्याने ते तसेही पुढे होते, हे मान्यच करावे लागेल. परंतु कायम सदस्याचा तो एक नकार उरलेल्या सगळ्यांच्या पसंतीवर भारी पडतो, हे त्या मतपत्रिकांनी दाखवून दिले.

1981 मध्ये तर हा प्रकार सहा आठवडे चालला. तेव्हाचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांच्या तिसऱ्या मुदतीला चीनने 16 वेळा नकार दिला आणि टांझानियाच्या सलीम अहमद सलीम यांना अमेरिकेने अडवले. अखेर परिषदेचे त्या वेळचे अध्यक्ष, युगांडाचे ओलारा ओटुनू, यांनी दोघांनाही बाजूला होण्याची विनंती केली आणि त्यातून पेरूचे हाविएर पेरेझ द क्युएयार यांचे नाव पुढे आले. ते पुढे उत्तम सरचिटणीस ठरले, हे जगाचे सुदैव. 1996 मध्ये तेव्हाचे सरचिटणीस बुत्रोस बुत्रोस-घाली यांच्या फेरनेमणुकीच्या बाजूने परिषदेतील 14 राष्ट्रे होती आणि विरोधात एकटी अमेरिका, तरी त्यांना जावे लागले.

बुत्रोस-घाली यांच्या उदाहरणातून मला सर्वांत गंभीर वाटणारी गोष्ट पुढे येते, ती म्हणजे फेरनेमणुकीची टांगती तलवार. ज्या पाच राष्ट्रांच्या वर्तनाविषयी प्रसंगी स्पष्ट बोलणे हे सरचिटणिसाचे कर्तव्य आहे, त्याच पाचांच्या मर्जीवर त्याची दुसरी मुदत अवलंबून असते. माणूस कितीही सचोटीचा असला तरी पहिल्या पाच वर्षांत त्याच्या मनात हा हिशेब येणारच नाही, असे समजणे भाबडेपणाचे होईल. 1960 मध्ये सोव्हिएत संघाने तेव्हाचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांच्या राजीनाम्याची मागणी केली, तेव्हा त्यांनी आमसभेतच उत्तर दिले की, या संघटनेची गरज बड्या राष्ट्रांपेक्षा इतरांना अधिक आहे आणि त्या इतरांची इच्छा असेपर्यंत आपण पदावर राहू. असे बोलण्याचे बळ प्रत्येक सरचिटणिसाला पदाच्या रचनेतूनच मिळायला हवे. संयुक्त राष्ट्रांच्या सेवेत हयात घालवलेले ब्रायन अर्कहार्ट यांनी 1990 मध्येच सात वर्षांची एकच मुदत सुचवली होती. ती सूचना आजही तितकीच योग्य आहे.

यावर असे म्हटले जाते की, पाच बड्या राष्ट्रांचा पाठिंबा नसलेला सरचिटणीस काहीच करू शकत नाही. हा आक्षेप पोकळ नाही. 1950 मध्ये सोव्हिएत संघाने पहिले सरचिटणीस ट्रिग्वे ली यांच्या फेरनेमणुकीला नकार दिल्यावर आमसभेने 46 विरुद्ध 5 मतांनी त्यांची मुदत स्वतःच 3 वर्षांनी वाढवली. मात्र त्यानंतर सोव्हिएत संघाने त्यांना सरचिटणीस मानणेच सोडून दिले आणि नोव्हेंबर 1952 मध्ये त्यांनी राजीनामा जाहीर केला. म्हणून मी पाचांना डावलण्याची मागणी करत नाही. परिषदेने आपल्या नियमानुसार, नकाराधिकारासह, पारखून घेतलेली दोन किंवा तीन नावे आमसभेकडे पाठवावीत आणि त्यांतून आमसभेने गुप्त मतदानाने एक निवडावे. त्यांतला कुणीही निवडून आला तरी तो पाचांना चालणाराच असेल.

हे कागदावरचे स्वप्न नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेत पूर्वी अशीच रीत होती. कार्यकारी मंडळ एक नाव पाठवत असे आणि सदस्य राष्ट्रे त्यावर शिक्कामोर्तब करत. 2017 मध्ये प्रथमच मंडळाने तीन नावे पाठवली. इथिओपियाचे टेड्रॉस अधानोम घेब्रेयेसस, ब्रिटनचे डेव्हिड नाबारो आणि पाकिस्तानच्या सानिया निश्तर यांच्यात जिनिव्हाच्या सभेत गुप्त मतदान झाले आणि तिसऱ्या फेरीत टेड्रॉस 133 विरुद्ध 50 मतांनी निवडून आले. प्रत्येक उमेदवाराला लहानसहान राष्ट्रांकडेही मत मागावे लागले.

संयुक्त राष्ट्रांतही काहीच हलले नाही असे नाही. आमसभेच्या सप्टेंबर 2015 च्या ठरावामुळे उमेदवारांची नावे आणि माहिती जाहीर होऊ लागली आणि 2016 मध्ये त्यांना सर्व राष्ट्रांसमोर प्रश्नोत्तरांना सामोरे जावे लागले. त्या वर्षी 13 उमेदवारांपैकी 7 स्त्रिया होत्या. उमेदवार सर्वांनी पाहिले, ऐकले. निकाल मात्र पुन्हा त्याच बंद खोलीत लागला.

सुरक्षा परिषदेची रचना बदलायची तर सनदेत दुरुस्ती करावी लागते, आणि तिला पाचही कायम सदस्यांची मान्यता लागते. त्यामुळे ती मागणी वर्षानुवर्षे तिथल्या तिथेच आहे. इथे मात्र सनदेच्या एका शब्दालाही हात लावण्याची गरज नाही. 1946 चा ठराव आमसभेचा आहे आणि आमसभा तो साध्या ठरावाने बदलू शकते. परिषदेने तरीही एकच नाव पाठवण्याचा हट्ट धरला, तर ते नाव नाकारण्याचा अधिकारही आमसभेला आहे. तो तिने आजवर एकदाही वापरलेला नाही. परिषदेत सुधारणा व्हावी म्हणून आग्रह धरणाऱ्या भारताने एकापेक्षा अधिक नावे आणि सात वर्षांची एकच मुदत, या दोन मुद्द्यांचा ठराव समविचारी राष्ट्रांना बरोबर घेऊन आमसभेत मांडावा, आणि नव्या सरचिटणिसाची नेमणूक होण्यापूर्वी मांडावा, अशी माझी परराष्ट्र मंत्रालयाला आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक