मंडई रविवारवर ढकलू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत या आठवड्यात सहकुटुंब कुठे जावे, याची एक चौकट येते. शहरातले प्रदर्शन, खाद्यमहोत्सव, मुलांची चित्रकला स्पर्धा, तलावाकाठची गाण्यांची संध्याकाळ. तारीख, वेळ, ठिकाण सगळे नेमके दिलेले असते. मी ती चौकट आवडीने वाचतो. ती पाहून नातवंडांना घेऊन दोनदा भंडाऱ्याला जाऊनही आलो. पण दिवाळीनंतरच्या दिवसांत त्या चौकटीत आमच्या चौरास भागातली, म्हणजे पवनी-लाखांदूरकडची, एकही मंडई मला आजवर दिसली नाही. रुसून लिहीत नाही. एक काम सांगायचे आहे, आणि ते वर्तमानपत्रच करू शकेल असे वाटते.

पुण्यामुंबईकडच्या माणसाला मंडई म्हटले की भाजीबाजार आठवतो. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत भाऊबीज झाली की लवकर पिकणारा हलका धान घरात आलेला असतो, उशिरा पिकणारा भारी धान अजून बांधीत उभा असतो, आणि मधल्या त्या मोकळ्या दिवसांत गावोगाव जी जत्रा भरते ती मंडई. दुपारी दंडार, कुठे खडी गंमत ही नाचगाण्याची लोकनाट्ये, रात्री नाटक. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, तलावातले शिंगाडे, जिलेबी, बांगड्या, पिपाण्या. घरात वडे-सुवारी आणि मटणाचा रस्सा. लेकी जावयांना घेऊन येतात, आणि उपवर पोरापोरींच्या सोयरिकीची पहिली बोलणी हटकून याच गर्दीत होतात. माझी स्वतःची झाली. मुलगी पाहायला म्हणून नव्हे, जिलेबी खायला म्हणून मला नेले होते; परत येताना कळले.

मी एस.टी.त सव्वीस वर्षे कंडक्टर होतो. पवनी, लाखांदूर, वडसा, साकोली हा माझा पट्टा. त्या काळी मंडयांची यादी कुठे छापलेली नव्हती, पण प्रत्येक कंडक्टरला ती पाठ असे. बिजेच्या दुसऱ्या दिवशी तलावापलीकडचे गाव, तिसऱ्या दिवशी नहराकाठचे, चौथ्या दिवशी आमचे, असे ठरलेले. वार कोणता आला याला महत्त्व नव्हते. सोमवार असो की बुधवार, गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. थांब्यावर बायका कडेवर पोर, हातात पिशवी घेऊन उभ्या, आणि हाक एकच, ‘‘कंडक्टर भाऊ, माय येऊन रायली, थोडसं थांबजा जी!’’ थांबावे लागे. गाडीला उशीर का झाला, याचे कारण मी वहीत काय लिहायचो ते आता सांगत नाही.

गर्दीचा एक नियम तेव्हा ध्यानात आला. मंगळवारी जे कुटुंब नहराकाठच्या गावी पाहुणे म्हणून उतरायचे, तिथलीच मंडळी बुधवारी आमच्या गाडीत बसून यांच्या गावी पाहुणे म्हणून यायची. आज तू वाढ, उद्या मी वाढतो. पंचक्रोशीतल्या तारखा एकमेकींना सोडून असायच्या, त्यामागचे गणित हे होते. कोणी सरकारी कागद काढून ठरवले नव्हते, पण कोणी मोडतही नव्हते.

गेल्या सात-आठ वर्षांत आमच्या भागात ते मोडले. आता प्रत्येक गावाला मंडई रविवारी हवी. कारण उघड आहे. पोरे नागपूर, पुणे, हैदराबादला कंपन्यांत लागली. त्यांना रविवारचीच सुटी. ‘‘बाबा, बुधवारी ठेवली तर मी येणार नाही,’’ असे पोरगा फोनवर म्हणाला की बाप सभेत रविवारच्या बाजूने हात वर करतो. मीही एकदा केला आहे.

2025 साली दिवाळी लवकर होती. भाऊबीज 23 ऑक्टोबरला, गुरुवारी. लगेच येणारा रविवार 26 तारखेचा. त्या एका दिवशी आमची आणि शेजारच्या दोन गावांच्या अशा तीन मंडया एकदम भरल्या. मोठ्या हौसेने आम्ही वीस माणसांचा स्वयंपाक केला. जेवायला सहा जण आले. माझी धाकटी लेक नहराकाठच्या गावात दिली आहे. तिच्याच घरी मंडई, ती चूल सोडून कशी येणार? साळा तलावापलीकडे, त्याच्याकडेही मंडई. त्या दिवशी तिन्ही गावांत सगळेच यजमान होते, पाहुणा व्हायला कोणी उरलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी हिने उरलेले वडे गल्लीत वाटले आणि मला म्हणाली, ‘‘पुढच्या वर्षी मंडई फोनवरच करून टाका.’’

ज्या पोरांसाठी रविवार धरला ती आली का? आली. दुपारी बाराला कारने आली, जेवली, दंडारीचा व्हिडिओ काढला आणि सोमवारची ड्युटी म्हणून पाचला निघाली. नाटकाचा पडदा रात्री दहाच्या सुमाराला वर जातो आणि पहाटे पडतो. मंडईला जाणे म्हणजे मुक्कामाने जाणे. शहरातला कार्यक्रम सहा ते आठ असतो, आठला माणूस गाडी काढतो, त्यात गैर काही नाही. तो तसाच बेतलेला असतो. मंडईचा निम्मा भाग मात्र अंधार पडल्यावर सुरू होतो. रात्री एकच्या सुमाराला मध्यंतरात चहाच्या टपरीवर जे बोलणे होते, ते दिवसा होत नाही. कोणाची जमीन निघाली, कोणाच्या पोराचे जमले, कोणाचा बाप थकला, हे सगळे तिथे कळते.

रविवारच्या हट्टाने व्यवहारही बिघडला. नाटकाच्या बहुतेक मंडळ्यांची बुकिंगची कार्यालये वडशाला. 2023 मध्ये झाडीपट्टी रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीचे नाव चार लोकांनी ऐकले, पण हा हंगाम चालतो तो गावांनी दिलेल्या तारखांवर. नाव असलेली मंडळी एका रात्री एकाच गावात उभी राहू शकते. सगळ्यांनी रविवारची रात्र मागितली तर भाव चढतो, लहान गावाच्या वाट्याला उरलेसुरले येते, आणि मधल्या वारांना तेच नट रिकामे बसतात. आम्हाला त्या वर्षी हवे ते नाटक मिळाले नाही. प्रेक्षक तीन गावांत वाटले गेले, तिकिटे खपली नाहीत आणि नाटकाचा खर्च भरून काढायला शेवटी घरटी वर्गणी काढावी लागली. पूर्वी नाटकाचे पैसे उरायचे. आमच्या समाजमंदिराची फरशी त्याच पैशांतून झाली आहे.

शिंगाडे विकणारी एक बाई आमच्याकडे दरवर्षी बसते. पूर्वी ती बिजेनंतर रोज एका गावात पाटी मांडायची. आता म्हणते, ‘‘एका दिवशी तीन मंडया, मी एकटी कोणती करू?’’ आणि बाकीचे सहा दिवस तिच्याकडे काम नाही. रहाटपाळणेवाल्याचे, बांगडीवाल्याचे तेच. मोठे दुकानदार माणसे ठेवून तिन्हीकडे मांडतात.

नोकरीवाल्या पोरांवर माझा राग नाही. सुटी मिळत नाही हे खरेच आहे. पण लग्नाला ते चार दिवस काढतात, मग मंडईला एक दिवस दोन महिने आधी ठरवून काढता येणार नाही का? अडचण अशी की तारीखच त्यांना आठ दिवस आधी कळते. गावची समिती ऐन दिवाळीत बसते, व्हॉट्सॲपवर निरोप फिरतो, तोवर रेल्वेचे आरक्षण संपलेले असते. तारीख उशिरा कळते म्हणून रविवार, आणि रविवार म्हणून एकमेकींवर आदळणाऱ्या मंडया.

म्हणून आपल्याला विनंती. यंदा, 2026 साली, अधिक मासामुळे दिवाळी उशिरा आहे; भाऊबीज 11 नोव्हेंबरला, बुधवारी येते. काहीच केले नाही तर 15 तारखेच्या रविवारी पुन्हा तोच गोंधळ. पोळ्याला आखरावर सगळे गाव जमतेच. पोळा फुटला की त्याच संध्याकाळी मंडईचा दिवस ठरवावा, आणि शेजारच्या चार-पाच गावांच्या समित्यांनी एकदा एकत्र बसून तारखा वेगवेगळ्या कराव्यात. आमच्या गावात मी हा विषय काढणार आहे. आपण दसऱ्याच्या आधी भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि ब्रह्मपुरीकडच्या मंडयांच्या तारखा गावोगावच्या वार्ताहरांकडून मागवून तालुकावार छापाव्यात. सोबत रात्रीचे नाटक कोणते, दंडार आहे की नाही, एवढे दोन शब्द पुरेत. छापलेल्या तारखेला एक वजन असते. आपल्या गावाची तारीख शेजारच्या गावावर आदळलेली पेपरात दिसली की सरपंचही दुसऱ्यांदा विचार करतो, आणि पुण्यातला पोरगा कात्रणाचा फोटो साहेबाला दाखवून रजा मागू शकतो.

शहरातल्या वाचकांनाही त्याचा उपयोग आहे. नोव्हेंबरात लोक पोरांना घेऊन नवेगावबांधला, नागझिऱ्याला जातात. त्याच वाटेवर एखाद्या गावात मंडई भरलेली असते आणि गाडी तशीच पुढे निघून जाते, कारण कोणी सांगितलेले नसते. अनोळखी पाहुण्याला आमच्याकडे कोणी उपाशी पाठवत नाही. फक्त दुपारी येऊन पाचला निघू नका.

आमच्या गावची तारीख ठरली की आपल्या कार्यालयात कळवीन. त्या दिवशी वार्ताहर पाठवावा. अंथरूण-पांघरुणाची सोय माझ्या घरी होईल. सकाळची पहिली एस.टी. सहा वाजताची आहे, आणि कंडक्टर ओळखीचा आहे.

आपला,
एक निवृत्त एस.टी. कंडक्टर
ता. लाखांदूर, जि. भंडारा