शनिवारी मशीन नाही, पेन्सिल

मैत्रिणींनो, येत्या शनिवारी दुपारी ३ वाजता धरमपेठेत, नेहमीच्याच घरी जमायचं आहे. या वेळी शिलाई मशीन आणू नका. फ्री मोशनची (कापड हाताने हवं तसं फिरवत गोधडीवर शिवायची) नक्षी आधी कागदावर गिरवू.

सोबत आणा: पेन्सिल, पट्टी आणि आपल्या गोधडीच्या चौकोनाचं माप. खोडरबर नको, शिवलेला टाका कुठे पुसता येतो!

नियम एकच, पेन्सिल उचलायची नाही. मशीनचे कापड पुढे सरकवणारे दाते खाली केले की कापड आपणच फिरवायचं असतं. कोपऱ्यात अडकलो तर बाहेर कुठून पडायचं, हे हाताला आधीच ठाऊक हवं. सुरुवात स्टिपलिंगने (नागमोडी रेषा एकमेकींना छेदू नयेत), मग कोयरी. पिसांच्या नक्षीची घाई कुणी करू नये.

गुरुवारपर्यंत नाव कळवा, मोठे कागद सीताबर्डीहून मी एकदमच आणते.